पुढून बसलेली गाडी

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात शंकरप्पाने आपल्या पिकअपचं पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेलचं बसवलं आणि तेव्हापासून गाडी पुढून बसली.

पेट्रोल एकाएकी इतकं महागलं होतं की सोलापुरात ज्याच्याकडे म्हणून जुनी पेट्रोल गाडी होती, तो एक तर ती विकत होता, नाहीतर तिच्या पोटात डिझेल इंजिन घालत होता. शंकरप्पाला मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन मिळालं. इंजिन चांगलं होतं, पण वजनाला जुन्याच्या दीडपट. बॉनेट लागलं, इंजिन धडधडलं, गल्लीतल्या लोकांनी चाकापुढे नारळ फोडला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की गाडीचं नाक चार बोटं खाली गेलंय. पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी ती उभी होती. दिव्यांचा उजेड लांब जायचं सोडून चाकापुढेच सांडायचा. खड्डा आला की एक्सल वर येऊन चासीवर धाडकन आदळायचा.

हे सगळं लोकांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते एकच. स्टेअरिंग जड झालं होतं, आणि शंकरप्पाचा उजवा हात ते ओढू शकत नव्हता.

शंकरप्पा तेव्हा चव्वेचाळीसचा होता. वीस वर्षं तो साखर पेठेतल्या मागवाल्यांच्या चादरींचे गठ्ठे पंढरपूर-टेंभुर्णीच्या दुकानांत पोचवत आला होता. गठ्ठा कधी भिजला नाही, फाटला नाही. मागवाले घरात तेलुगू बोलायचे, याच्याशी मराठी, आणि गाडी दारात लागली की मोजदादही न करता माल चढवायचे. पण दोन वर्षांपासून त्याच्या उजव्या हाताची करंगळी आत वळायला लागली होती. मग तिच्या शेजारचं बोट. तळहाताची ती बाजू लाकडासारखी झाली होती. इंजिन चालू करायचं हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं, तेव्हापासून हात असा झाला, असं तो सगळ्यांना सांगायचा. बायकोलाही, नागव्वालाही, त्याने हेच सांगितलं होतं. हँडल उलटं बसून मनगट मोडलेले ड्रायव्हर पुष्कळ होते, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

त्याला स्वतःला मात्र ठाऊक होतं. अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावी त्याचा थोरला चुलता चनबसप्पा असाच सुरू झाला होता. आधी करंगळी. शेवटी तो गावाबाहेर रानातल्या खोपटात राहिला आणि तिथेच गेला. लहानपणी शंकरप्पा त्याची भाकरी दगडावर ठेवून लांब पळायचा. त्या रोगाचं नाव त्यांच्या घरात कोणी उच्चारत नसे.

गाडी घेऊन तो ईश्वरप्पाकडे गेला. अक्कलकोट रोडला चिंचेखाली ईश्वरप्पाची भट्टी होती. गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, ठोकण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. साठी उलटलेला, दंडावर ठिणग्यांचे डाग, गळ्यात लिंग. शंकरप्पा त्याला मामा म्हणायचा.

ईश्वरप्पाने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत वीत लावली आणि मान हलवली.

"पुरती बसली की रं."

"उचलायची कशी, मामा?"

"तीन वाटा हायत." ईश्वरप्पा गाडीच्या सावलीत उकिडवा बसला. "एक, पाटे उतरवायचे, लाल करायचे, आन् गेलेला बाक ठोकून परत आणायचा. गाडी उठंल, बसायला मऊ बी ऱ्हाईल. पर पोलाद जुनं हाय. हे धोंड वर बसल्यावर साल-दीड सालात परत खाली येतंय. दुसरी, पाट्यावर पाटा वाढवायचा. मग ती बसायची न्हाय. पर कडक हुईल. रस्त्यावरचा खडा न् खडा तुज्या हातात येईल."

"आन् तिसरी?"

"तिसरी मी करत न्हाय."

"सांगा तर खरं."

"शॅकल लांब करायचं. ह्ये बघ." त्याने पुढच्या बंपरामागे बोट दाखवलं. पाट्याचं पुढचं टोक दोन लोखंडी पट्ट्यांवर लोंबत होतं. "ह्या पट्ट्या लांब केल्या की गाडी वर. दोन तासाचं काम. स्टेअरिंग बी लोण्यावानी हुतंय. पर चाकाचा कोन बिघडतोय. गाडी सरळ जायचं इसरती. वळवलेलं चाक आपसूक माघारी येत न्हाय, हातानं आणावं लागतंय. जरा हात ढिला पडला की गाडी तिच्या मनानं निघाली."

शंकरप्पाने बाकीचं ऐकलं, पण त्याच्या मनात राहिलं ते लोणी. त्याला तेच हवं होतं. ते मागायची मात्र त्याची छाती झाली नाही. मागितलं असतं तर ईश्वरप्पाने विचारलं असतं, का रे, तुझ्यासारख्या ड्रायव्हरला जड स्टेअरिंगचं काय भ्या?

"तुमी काय कराल?" त्याने विचारलं.

"मी बाक परत आणंन, आन् संगट एक अर्धा पाटा घालीन. चार दीस लागतील."

"चार दीस गाडी उभी करून कसं भागंल? पाटा वाढवा. आजच."

संध्याकाळच्या आत दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढला. गाडीचं नाक वर आलं. दोघांनी नेहमीसारखा चहा घेतला. समोरच्या टपरीवरून दोन कप यायचे, ही वीस वर्षांची रीत होती.

पाटा वाढवला आणि शंकरप्पाचे हाल सुरू झाले.

गाडी सरळ दिसत होती, दिवे लांब पडत होते, एक्सल आदळत नव्हता. पण पंढरपूरच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आता थेट स्टेअरिंगमधून हातात यायचा. डाव्या हाताला तो कळायचा. उजव्याला कळायचाच नाही. नुसता हिसका बसायचा आणि हात स्टेअरिंगच्या चाकावरून सुटून मांडीवर पडायचा, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. शंकरप्पाने उपरण्याची पट्टी फाडून मनगट चाकाला बांधून पाहिलं. वळणावर ती सोडता येईना. एकदा मोहोळच्या बाजारात त्याला गाडी वळवता आली नाही, म्हणून तो तशीच पुढे घेऊन गेला आणि अर्ध्या कोसावर रस्ता रुंद झाल्यावर माघारी फिरला. परतताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने डाव्या हाताने पुसलं, म्हणजे तेवढा वेळ स्टेअरिंगवर कोणताच हात नव्हता.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा भट्टीवर आला.

ईश्वरप्पाने कुणाच्या ट्रकचे पाटे तापवून ठोकले होते आणि ते राखेशेजारी ओळीने निवत ठेवले होते. लाली जाऊन ते काळे पडले होते, पण त्यांच्यावरची हवा अजून थरथरत होती. शंकरप्पा शेजारी बसला. काय बोलायचं ते घरून ठरवून आला होता, तरी त्याला सुरुवात सापडत नव्हती.

"मामा, ती तिसरी वाट," तो शेवटी म्हणाला, "ती करून द्या."

"का?"

"कडक झाली गाडी. सोसत न्हाय."

"मग पाटा काढू, बाक परत आणू. मी पैलंच सांगितलं हुतं."

"बाक नको. चाक हलकं करून द्या."

बोलता बोलता तो पुढे झुकला आणि त्याने उजवा हात टेकला. हात पाट्यावर टेकला होता. शंकरप्पा बोलतच राहिला, पंढरपूरचा रस्ता किती उखडलाय ते सांगत राहिला. ईश्वरप्पाच्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला. मग त्याला वास आला. कातडं जळाल्याचा वास, आणि तो कुठून येतोय हे पाहायला त्याने इकडे तिकडे मान वळवली.

ईश्वरप्पाने सांडशी टाकली, त्याचं मनगट धरून हात उचलला आणि बादलीत बुडवला. पाणी उसळून सांडलं.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"दुखतंय की," शंकरप्पा म्हणाला.

"वरडला न्हाईस."

बादलीतल्या पाण्यात शंकरप्पाच्या तळहाताची सालं सुटून वर तरंगत होती. ईश्वरप्पाने धरलेलं मनगट सोडलं. आपला हात धोतराला पुसला, मग लक्षात येऊन पुसायचं थांबवलं.

"कदीपास्नं?"

"दोन वर्सं."

"दवाखान्यात दाखवलंस?"

"दाखवलं की नाव पडतंय, मामा. नाव पडलं की गठ्ठे बंद. पोरीचं, जगदेवीचं, लगीन हाय पुढल्या साली."

"आरं, मग गाडी हाकू नगंस! ड्रायव्हर ठेव. तुजा हात चाकावर हाय का न्हाय हे तुला डोळ्यानं बघावं लागतंय, शंकरप्पा."

"ड्रायव्हर ठेवून दोन घरं चालायची न्हायत ह्या गाडीवर. चाक हलकं असलं की मला डाव्या हातानं जमतंय. एवढं कर, मामा. परत काय मागनार न्हाय." आजवर तुमी म्हणणाऱ्या शंकरप्पाच्या तोंडून कधी नव्हे ते एकेरी आलं होतं आणि दोघांपैकी कोणालाच ते जाणवलं नाही.

ईश्वरप्पाने भट्टीतले निखारे उकरले. नाही म्हणणं हे बरोबर होतं, आणि ते त्याला कळतही होतं. पण वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस समोर जळका हात मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी तो उठला. त्याने जाड पट्टी कापली, भोकं पाडली आणि जुन्या शॅकलपेक्षा तीन इंच लांब असे दोन जोड तयार केले. वाढवलेले पाटे काढले, लांब शॅकल चढवले. सगळं काम मान खाली घालून केलं.

काम संपल्यावर शंकरप्पा सवयीने चिंचेखाली बसला. ईश्वरप्पा हत्यारं आवरत राहिला. टपरीवरच्या माणसाने लांबून दोन बोटं वर केली. ईश्वरप्पाने नको म्हणून हात हलवला.

"आज लई काम हाय," तो म्हणाला.

शंकरप्पा उठला. हाताला चिंधी गुंडाळली होती आणि त्याखाली काहीच दुखत नव्हतं. दुखलं ते त्या नाकारलेल्या चहाने. गाडी रस्त्यावर घेतली, तर स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं.

पहिले काही दिवस खरोखर सुखाचे गेले. त्याने वळवण्याची रीत बसवली. डाव्या हाताने चाक फिरवायचं आणि परत आणायलाही डावाच, उजवा नुसता वर ठेवायचा, लोकांना दिसावा म्हणून. गाडी डुलायची. सरळ रस्त्यावर ती कधी मधल्या रेघेकडे, कधी कडेच्या बाभळींकडे कलायची आणि तो तिला पुन्हा जागेवर आणायचा, मग ती पुन्हा कलायची. टेंभुर्णीला पोचेपर्यंत मान अवघडून जायची. पण मोहोळच्या बाजारात त्याने गाडी एका झटक्यात वळवली आणि त्या दिवशी जगदेवीला जिलेबी नेली. नागव्वा म्हणाली, "आज खुशीत दिसताय." तिने त्याच्या चिंधीतल्या हाताकडे पाहिलं आणि भाकरी थापायला वळली.

श्रावण लागायच्या सुमारास, सकाळी नऊच्या आत, मोहोळ ओलांडल्यावर पुढे रस्त्याच्या डाव्या कडेने मेंढरं चालली होती. येडू धनगर पुढे, त्याची बायको मायाक्का मागे, मध्ये पन्नास-साठ मेंढरं. सांगोल्याकडून चरत चरत आली होती. शंकरप्पाला ती लांबून दिसली. समोरून ट्रक येत होता. ट्रकला वाट द्यायला त्याने चाक थोडं डावीकडे घेतलं. ट्रक निघून गेला. आता चाक उजवीकडे आणायचं होतं.

डावा हात तेव्हा गियरवर होता. त्याने उजव्याने चाक ओढलं. म्हणजे ओढलं असं त्याला वाटलं. खांद्यातून जोर निघाला, कोपरातून गेला, आणि बोटं चाकावरून अशी घसरली की जणू तिथे चाक नव्हतंच. गाडी माघारी आली नाही. ती डावीकडेच चालत राहिली, हळूहळू, तिच्या मनाने. त्याने ब्रेक दाबला. येडूने खंदकात उडी मारली. मेंढरांना तेवढं समजलं नाही.

गाडी बाभळीला अडकून थांबली तेव्हा इंजिन चालूच होतं. शंकरप्पाने ते बंद केलं. मग त्याला मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं. नऊ मेंढरं गेली होती, दोन चाकाखाली अर्धी जिवंत होती. मायाक्का त्यांच्यात बसून एकेकीला नावाने हाक मारत होती. शंकरप्पाला तोवर ठाऊक नव्हतं की मेंढरांना नावं असतात.

शेतांतून माणसं धावत आली. दहा-बारा तरी असतील, दोघांच्या हातात दांडकी. एकाने दार उघडून शंकरप्पाला दंडाला धरून खाली ओढलं. "दारू प्यालास का, भाड्या?" शंकरप्पा म्हणाला, "न्हाय." त्याला मार हवा होता. तो अंग सैल सोडून उभा राहिला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसऱ्याला त्याने नकळत हात वर केला आणि हाताची चिंधी सुटून खाली पडली.

भाजलेला तळवा अजून भरला नव्हता. आत वळलेली दोन बोटं, त्यांची झिजलेली टोकं, आणि उघड्या जखमेवर चिकटलेली धूळ. मारणारा तिकडे बघत राहिला.

"हाताला एवढं लागलंय आन् ह्यो कळवळत कसा न्हाय?" कुणीतरी म्हणालं.

तेव्हा येडू खंदकातून वर आला होता. त्याने पाहिलं आणि हळूच म्हणाला, "त्याला शिवू नगा. रक्तपिती, म्हारोग हाय त्याला."

मारायला आलेली माणसं मागे सरकली. ज्याने दंड धरला होता, तो मातीने हात घासायला लागला. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगडही मारला नाही. सगळे सात-आठ हातांवर गोल उभे राहिले आणि मधे शंकरप्पा एकटा. एवढी जागा त्याला उभ्या जन्मात कोणी दिली नव्हती. मायाक्का रडायची थांबून त्याच्याकडे पाहत होती. तिच्या मांडीवर मेलेलं मेंढरू होतं.

"मारा की," शंकरप्पा म्हणाला. "मारा की मला."

कोणी जवळ आलं नाही. पोलीस आला, त्यानेही पंचनामा लांबून केला आणि लायसन बॉनेटवर ठेवायला सांगून ते कागदाच्या चिमटीत उचललं.

बातमी त्याच्या आधी सोलापुरात पोचली. साखर पेठेतल्या मागवाल्यांनी वाईट शब्द काढला नाही. त्यांनी दुसरी गाडी लावली. पूर्वी दिलेल्या चादरी बाजारात तशाच विकल्या जात होत्या, पण एका पंढरपूरच्या दुकानदाराने विचारलं म्हणे, ह्या त्याच गाडीतून आल्यात का?

घरी शंकरप्पाने नागव्वाला सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मला ठावं हाय. साल झालं."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी हँडलचं सांगत हुता. मी म्हनलं, सांगू दे." ती रोजच्यासारखी त्याच्याच ताटात जेवायला बसली.

पण आठ दिवसांनी तिचा भाऊ निंगप्पा आला. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. जगदेवीला आपण घेऊन जातो, तिचं लग्न आपल्या घरून होईल, मुलीच्या बापाचं नाव कोणी विचारलं तर काय सांगायचं ते आपण बघू, असं तो म्हणाला. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. जगदेवी गाठोडं घेऊन बाहेर आली आणि वडिलांच्या पाया पडायला वाकली. निंगप्पाने तिचा खांदा धरला. "लांबनंच," तो म्हणाला. तिने लांबूनच हात जोडले. शंकरप्पाने दोन्ही हात पाठीमागे धरून मान हलवली.

दिवाळीच्या आधी ईश्वरप्पा आला. सोबत हत्यारांची पिशवी होती. अंगणात उभ्या पिकअपखाली तो दिवसभर पडून राहिला. लांब शॅकल काढून त्याने त्यांचे छिन्नीने दोन-दोन तुकडे करून टाकले. पाटे भट्टीवर नेले, चौथ्या दिवशी बाक देऊन आणून चढवले. वर अर्धा पाटा घातला. गाडी पुढून-मागून सारखी उभी राहिली, एक बोटही वर नाही, एक बोटही खाली नाही.

"हेच पैल्यांदा करायचं हुतं," ईश्वरप्पा म्हणाला. "मी तुला न्हाय म्हनायला पायजे हुतं."

"मी ऐकलं नसतं."

"तरी म्हनायला पायजे हुतं."

नागव्वाने चहा आणला. ईश्वरप्पाने कप हातात घेतला. बराच वेळ तो नुसता धरून बसला, त्यातली वाफ जाईपर्यंत. मग न पिता पायरीवर ठेवला आणि पिशवी उचलून, "येतो," म्हणून निघाला. फाटकाशी तो रडत होता असं नागव्वा पुढे म्हणायची. शंकरप्पाने ते पाहिलं नव्हतं.

गाडी जेऊरच्या एका माणसाने विकत नेली. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

मग शंकरप्पा दवाखान्यात जायला लागला. गावाबाहेरच्या बाजूला लांबच लांब व्हरांडा होता आणि त्यात ओळीने बसलेली माणसं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गोळ्या दिल्या. या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या, रोग थांबेल, दुसऱ्याला लागणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मेलेल्या बोटांचं काय, असं शंकरप्पाने विचारलं. ती परत येत नाहीत, डॉक्टर म्हणाले. आधी आला असतात तर.

दर महिन्याला तपासणी असायची. डोळे मिटायला लावून डॉक्टर पिसाने, नाहीतर टाचणीने हात चाचपायचे आणि लागलं की सांगा म्हणायचे. शंकरप्पा डोळे घट्ट मिटून बसायचा, परीक्षेला बसल्यासारखा. माघ महिन्यात एकदा तो असाच बसला होता. त्याला वाटलं, करंगळीच्या मुळाशी काहीतरी हललं. बारीक, मुंगी चालल्यासारखं.

"लागलं," तो म्हणाला. "डॉक्टर, लागलं की!"

त्याने डोळे उघडले. डॉक्टर टेबलापलीकडे उभे राहून कुणाचा तरी कागद लिहीत होते. टाचणी अजून डबीतच होती.

"जरा थांबा हं," डॉक्टर म्हणाले. "अजून सुरू केलं नाही मी."

शंकरप्पाने पुन्हा डोळे मिटले आणि हात पुढे धरून बसला.